फ्रेडरिक फोर्साइथ : पस्तीस दिवसांची कादंबरी आणि तिच्या आधीची आठ वर्षं

तळटीप (धागाकर्ता)

९ जून २०२५ला फ्रेडरिक फोर्साइथ गेला तेव्हा मृत्युलेखांतून एकच गोष्ट फिरत होती. खिशात दमडी नसलेला बातमीदार, मित्राच्या घरातला आसरा, पस्तीस दिवस टंकयंत्र बडवणं आणि शेवटी हातात 'द डे ऑफ द जॅकल'. गोष्ट खरी आहे, तो स्वतःही ती अशीच सांगायचा. पण ती ऐकून पस्तीस दिवसांत कादंबरी होते असा भलताच समज पसरतो. म्हणून हा धागा. कथानकाची फोड होणार आहे, ज्यांना वाचायची आहे त्यांनी आधी वाचून या.

आधीचं आयुष्य थोडक्यात. जन्म २५ ऑगस्ट १९३८, केंटमधलं अ‍ॅशफर्ड. वडिलांचा फरच्या कपड्यांचा धंदा. शाळकरी वयात सुट्टीत फ्रान्स आणि जर्मनीत राहून दोन्ही भाषा तिथल्या पोरांसारख्या तोंडी बसल्या, पुढे स्पॅनिश आणि रशियनही. एकोणिसाव्या वर्षी ब्रिटिश हवाई दलात व्हॅम्पायर जेट विमान चालवत होता. तिथून बाहेर पडून किंग्ज लिनला 'ईस्टर्न डेली प्रेस'मध्ये उमेदवारी, १९६१ला रॉयटर्स, आणि फ्रेंच उत्तम म्हणून १९६२ला पॅरिस.

आता पॅरिसपाशी थांबू, कारण कादंबरी खरी इथे तयार झाली. मार्च १९६२मध्ये अल्जीरिया या फ्रेंच वसाहतीबद्दलचा एव्हियाँ करार झाला, जुलैत अल्जीरिया स्वतंत्र. फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांनी देश विकला असं मानणारे लष्करी अधिकारी आणि वसाहतवाले 'ओएएस' या गुप्त संघटनेत होते आणि त्यांना अध्यक्षाचा जीव हवा होता. २२ ऑगस्ट १९६२ला संध्याकाळी पेती-क्लामार इथे द गॉलच्या सित्रोएन गाडीवर शंभराहून जास्त गोळ्या झाडल्या गेल्या. टायर फुटले तरी चालकानं गाडी पुढे काढली. द गॉल आणि त्यांच्या पत्नीला ओरखडाही आला नाही. कटाचा सूत्रधार लेफ्टनंट कर्नल बास्तिआँ-तिरी याला ११ मार्च १९६३ला गोळ्या घालून मृत्युदंड दिला. कादंबरी याच मृत्युदंडापासून सुरू होते : त्यानंतर ओएएस द गॉलला मारायला 'जॅकल' या टोपणनावाचा परका मारेकरी भाड्यानं घेते.

या काळात वृत्तसंस्थांचा एक माणूस कायम द गॉलच्या ताफ्यामागे असायचा. कारण साधं होतं : म्हातारा पडला तर बातमी पहिली आपली हवी. फोर्साइथ त्या पाळीत होता. ताफा थांबला की मागे थांबायचं, आणि मग अंगरक्षकांशी गप्पा. त्यातून त्याचं एक ठाम मत झालं. ओएएसला हे जमणार नाही, कारण फ्रेंच गुप्तचरांनी तिला आतून पोखरलेलं आहे. प्रत्येकाचं नाव, फोटो, सवयी फायलीत आहेत. जमलं तर ते एखाद्या परक्याला जमेल, ज्याची फ्रान्समध्ये फाईलच नाही. कादंबरीचं सगळं बीज एवढ्या एका निष्कर्षात आहे आणि तो १९६३चा आहे, १९७०चा नाही.

मध्ये पूर्व बर्लिन, मग १९६५ला बीबीसी, १९६७ला नायजेरियातलं बिआफ्राचं युद्ध. तिथे तो बीबीसीच्या धोरणाशी भांडून बाहेर पडला आणि स्वतंत्र बातमीदार म्हणून परत गेला. १९६९ला 'द बिआफ्रा स्टोरी' पेंग्विननं काढलं. ते कादंबरी नव्हे, बातमीदारी आहे, म्हणून पदार्पण म्हणताना ते धरत नाहीत. वर्ष संपताना तो लंडनला परतला तेव्हा नोकरी नव्हती, आस्थापनेत नाव खराब होतं आणि कर्ज होतं. जानेवारी १९७०च्या सुरुवातीला टंकायला बसला तो कर्ज फेडायला. हे त्यानं कधी लपवलं नाही.

पुढचं प्रतिसादांत येऊ द्या. प्रकाशकांची बाजू आणि पैशांचे करार यावर मोडीवाचक यांनी लिहावं अशी विनंती.

कोरडवाहू

चांगला धागा. पस्तीस दिवसांचा हिशोब करू. छापील पुस्तक साडेतीनशेहून जास्त पानांचं. म्हणजे दिवसाला दहा छापील पानं, रोज, खाडा न करता. हे बहुतेकांना न जमण्याचं कारण टंकनाचा वेग नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लेखक एखाद्या गोष्टीवर अडतो. अमुक चौकात पोलीस कुठे उभे असतात, या सीमेवर पासपोर्ट कोण बघतं, या मंत्रालयातल्या बैठकीला कोणकोण बसतं? मग तो उठून शोधायला जातो आणि आठवडा गेला. फोर्साइथ उठला नाही, कारण ही उत्तरं वार्तांकनातून आधीच डोक्यात होती. जी नव्हती, म्हणजे बनावट कागदपत्रांचा आणि बंदुकीचा धंदा, ती त्यानं त्या धंद्यातल्या माणसांना विचारून घेतली.

दुसरं कारण वृत्तसंस्थेची सवय. रॉयटर्सला बातमी पाठवताना दुसरा खर्डा नसतो. काय झालं, कुठे, किती वाजता, कोणी पाहिलं, संपलं. जॅकलची भाषा तशीच आहे. विशेषणं कमी, वेळा आणि पत्ते भरपूर. पुढेही त्याची पद्धत हीच राहिली : महिनोन्‌महिने माहिती गोळा करायची, जागा पायांनी बघायच्या, मग दीड-दोन महिन्यांत टंकून मोकळं व्हायचं. शेवटपर्यंत टंकयंत्रच वापरलं. ते कोणी हॅक करू शकत नाही, असं मुलाखतींत सांगायचा.

नवशिका

मग आधी प्रकाशकांनी ती नाकारली म्हणतात, ते का? एवढी तयार कादंबरी होती तर?

मोडीवाचक

तळटीप, आज्ञा शिरसावंद्य.

नवशिका, फेब्रुवारी ते सप्टेंबर १९७० या काळात बाड चार प्रकाशकांकडून साभार परत आलं. हरकत एकच होती आणि वरवर बघता ती बिनतोड होती. द गॉल जिवंत आहे, निवृत्त होऊन गावी बसलाय. कोणीही त्याला मारलं नाही हे प्रत्येक वाचकाला माहीत आहे. ज्या खुनाचा कट फसणार हे पहिल्या पानाआधीच ठाऊक आहे, त्यावर कोण पैसे घालणार?

फोर्साइथनं मग बाड पाठवणं थांबवलं आणि थोड्या पानांचं टिपण केलं. त्यात कथासार सांगण्यापेक्षा त्या हरकतीचं उत्तर होतं. मारतो की नाही हा प्रश्नच नाही, मारेकरी किती जवळ पोचतो आणि त्याला कसं शोधतात हे पुस्तक आहे, असं त्यानं आधीच मांडलं. हचिन्सन या लंडनच्या प्रकाशनसंस्थेचे संपादक हॅरल्ड हॅरिस यांना ते पटलं. प्रकाशकाकडे बाड पाठवणाऱ्यांनी हे नीट बघावं. सोबतच्या पत्रात कथानक पुन्हा सांगण्यात जागा घालवण्यापेक्षा, वाचणारा संपादक कुठे मान हलवेल ते ओळखून तिथेच दोन वाक्यं खर्च करावीत.

गंमत म्हणजे ९ नोव्हेंबर १९७०ला द गॉल वारले आणि हरकतीतला 'जिवंत आहे' हा भाग आपोआप गळला.

हचिन्सननं पहिली छपाई ठेवली ८,००० प्रतींची. मराठीत हजाराची आवृत्ती काढणाऱ्यांना हा आकडा मोठा वाटेल, पण ब्रिटनमधल्या पुठ्ठा बांधणीच्या थरारकथेला तो हात राखूनच होता. पुस्तक जून १९७१ला आलं. प्रकाशनाआधी वृत्तपत्रांत परीक्षणं नव्हती. खप तोंडी चर्चेवर चढला, छपाया होत गेल्या. दोनेक महिन्यांत अमेरिकेत व्हायकिंगनं काढलं. 'पब्लिशर्स वीकली'च्या १९७१च्या सर्वाधिक खपाच्या वार्षिक यादीत ते कादंबऱ्यांत चौथं. १९७२ला रहस्यकथांसाठीचं एडगर पारितोषिक मिळालं तेही सर्वोत्कृष्ट कादंबरीचं.

आता पैसे. अमेरिकेतल्या हक्कांचे ३,६५,००० डॉलर आले आणि ते हचिन्सन व लेखक यांच्यात निम्मे-निम्मे वाटले गेले. म्हणजे लेखकाला १,८२,५०० डॉलर. कफल्लक माणसाला हे घबाडच, पण करार म्हणून बघितला तर निम्मा वाटा प्रकाशकाला जाणं महाग आहे. परदेशी हक्क मूळ प्रकाशकाच्या हाती दिले की असं होतं. ते लेखकाकडे राहिले आणि मध्यस्थामार्फत विकले, तर त्या काळी मध्यस्थ साधारण दहा टक्के घ्यायचा. नवख्या लेखकाला मात्र सौदा मोडायची ताकद नसते. चार नकारांनंतर तर नाहीच.

चित्रपटाच्या हक्कांना दोन पर्याय होते : १७,५०० पौंड अधिक नफ्यात लहानसा वाटा, किंवा सरळ २०,००० पौंड. त्यानं २०,००० घेतले. यावरून लोक हळहळतात, चित्रपट चालला ना! पण एक लक्षात घ्या, नफ्यातला वाटा म्हणजे खर्च वजा जाता उरलेल्यातला वाटा, आणि तो खर्च मांडणार निर्मातेच. कागदावर नफाच दिसला नाही तर लेखक काय करणार? हाती आलेले २,५०० पौंड जास्त, हा निर्णय त्या क्षणी वेडा नव्हता.

हॅरिसनं आणखी एक गोष्ट केली जिच्याबद्दल कमी बोललं जातं. एकच पुस्तक न घेता त्यानं तीन कादंबऱ्यांचा करार केला आणि पुढच्या कल्पना मागितल्या. फोर्साइथकडे तयार कादंबऱ्या नव्हत्या, पण बातमीदारीतून दोन विषय होते : जर्मनीत लपलेले नाझी आणि आफ्रिकेतले भाडोत्री सैनिक. त्यातून 'द ओडेसा फाइल' (१९७२) आणि 'द डॉग्ज ऑफ वॉर' (१९७४) झाल्या.

खडूसराव

सगळे आरती ओवाळताय म्हणून थोडं मीठ-मिरची.

पेती-क्लामारचा हल्ला का फसला याचं कादंबरीतलं स्पष्टीकरण आठवतंय? बास्तिआँ-तिरीनं अंधार पडायची वेळ मागच्या वर्षीच्या, म्हणजे १९६१च्या दिनदर्शिकेवरून काढली, १९६२ला त्याच तारखेला अंधार पंचवीस मिनिटं आधी पडला, आणि वर्तमानपत्र हलवून दिलेली खूण साथीदारांना वेळेत दिसली नाही. वाचताना झकास वाटतं. पण एकाच गावात एकाच तारखेला सूर्यास्त एका वर्षातून दुसऱ्या वर्षी फार तर मिनिट-दोन मिनिटं सरकतो. पंचवीस मिनिटं शक्यच नाही! आपल्याकडचं कुठलंही पंचांग काढून पडताळा. एवढ्या तपशीलवाल्या लेखकानं हे कसं सोडलं? कोरडवाहू म्हणतात तेच कारण : दुसरा खर्डा नाही. पस्तीस दिवसांची किंमत ही आहे.

आणि बायकांची पात्रं. जाकलीन असो की ती उमरावीण, कथेला जिथे दार हवं तिथे बाई उभी. चौदा-पंधरा पुस्तकांत ही खोड गेली नाही.

शालूताई

खडूसराव, सूर्यास्ताचं अगदी बरोबर. पण ते ज्या जागी आहे ती बघा. पहिल्याच प्रकरणात, अस्सल घटनेच्या मधोमध. खरी तारीख, खरं ठिकाण, खरा सूत्रधार, आणि त्यात एक चुकीचा आकडा. वाचक तो गिळतो कारण आजूबाजूचं सगळं खरं आहे. हीच युक्ती पुढे संपूर्ण पुस्तकभर चालते. आर्गू या ओएएसच्या कर्नलला फेब्रुवारी १९६३मध्ये म्युनिकमधून पळवून पॅरिसला आणलं हे खरं. त्याच्या जागी आलेला रोदाँ काल्पनिक. गृहमंत्री फ्रे खरे, कमिसार लबेल काल्पनिक. खरं-खोटं कुठे जोडलंय तो सांधा दिसत नाही.

आता नवशिका यांच्या प्रश्नातूनच निघणारा पुढचा प्रश्न : शेवट माहीत असताना पकड येते कशी? आपल्याला यात नवल वाटायला नको. अफझलखानाच्या पोवाड्यात खान मरणार हे शाहीर उभा राहायच्या आधीच माहीत असतं, तरी माणसं वाघनखांपाशी श्वास धरतात. पण फोर्साइथनं ते कसं बांधलंय ते सुटं करून बघण्यासारखं आहे.

पुस्तकाचे तीन भाग : कटाची चिरफाड, शोधाची चिरफाड, खुनाची चिरफाड. पहिल्या भागात पोलीस जवळजवळ नाहीतच. जॅकल पाच लाख डॉलर मागतो, निम्मे आगाऊ. मग ग्रंथालयात बसून द गॉलचा स्वभाव वाचतो आणि एकच गोष्ट शोधतो : वर्षातला असा दिवस ज्या दिवशी हा माणूस कितीही धोका असला तरी लोकांसमोर येणारच. तो दिवस सापडतो, २५ ऑगस्ट, पॅरिसच्या मुक्तीचा. (धागाकर्त्यानं लेखकाची जन्मतारीख दिलीच आहे. योगायोग की मिश्कीलपणा, ज्यानं त्यानं ठरवावं.) मग ब्रसेल्सचा बंदूकवाला, कुबडीच्या नळ्यांत मावेल असं हत्यार, वेगवेगळी ओळखपत्रं, खिडकीची निवड. प्रत्येक वस्तू कुठून आली, किती दिवसांत आली, किती पैसे पडले, सगळं सांगितलंय.

इथे वाचकाला वाटतं हे नुसते तपशील आहेत. ते कर्जाच्या हप्त्यांसारखे दुसऱ्या भागात वसूल होतात. लबेलकडे सुरुवातीला फक्त एक टोपणनाव आहे. तो निरनिराळ्या देशांच्या पोलिसप्रमुखांना फोन लावतो, ब्रिटिश पोलीस अलीकडचे पासपोर्ट अर्ज मृत्युनोंदींशी ताडून बघतात, आणि पहिल्या भागात मेहनतीनं तयार केलेली डग्गन ही ओळख जळते. मग दुसरी, मग तिसरी. आपण ती ओळख बनताना पाहिलेली असते म्हणून ती जळताना चटका बसतो. वाचक दोन्ही बाजूंच्या खोलीत बसलेला असतो, आणि त्या दोन खोल्यांत आतला फितूर निरोप पोचवत असतो. त्यामुळे कोणीच पुरता पुढे जात नाही.

शेवटचा फटकाही स्वभावातूनच येतो. एका वेळी एकच गोळी बसणारी बंदूक, उंच उमरावी फ्रेंच अध्यक्ष, बुटका माजी सैनिक, पदक लावून गालाचं चुंबन घ्यायला डोकं खाली. इंग्रज मारेकऱ्याला ती रीत सुचतच नाही. सगळं गणित बरोबर करून तो एका शिष्टाचारावर चुकतो.

बोरूबहाद्दर

शालूताई, मस्त. ते चुंबनाचं पहिल्यांदा वाचलं की माणूस पुस्तक मिटून छताकडे बघतो.

कोरडवाहू

पासपोर्टचं थोडं अधिक, कारण त्यावर फार दंतकथा आहेत. कादंबरीत जॅकल गावोगावच्या दफनभूमीत फिरून आपल्याच वयाच्या, पण लहानपणी वारलेल्या मुलाचं थडगं शोधतो आणि त्याच्या जन्मदाखल्यावर पासपोर्ट मिळवतो. हे चालायचं कारण तंत्र नव्हे, कार्यालयीन रचना. जन्माचं आणि मृत्यूचं दप्तर वेगळं, दोन्ही कागदी, आणि जन्माच्या नोंदीसमोर 'हा मेला' असं कोणी लिहीत नसे. पासपोर्टवाला फक्त जन्मदाखला बघायचा. लबेलच्या सांगण्यावरून ब्रिटिश पोलीस जे करतात, म्हणजे दोन दप्तरं शेजारी ठेवून हातानं ताडणं, ते रोजच्या कामात करायला माणसंच नव्हती. पुस्तकामुळे पळवाट जगजाहीर झाली तरी ती पुरती बुजायला तीसेक वर्षं लागली, नोंदी संगणकावर येईपर्यंत. ब्रिटनमध्ये या प्रकाराला या पुस्तकाचंच नाव पडलं.

मोडीवाचक

दुसरं असंच चिकटलेलं नाव म्हणजे दहशतवादी कार्लोसचं. १९७५ला लंडनमधल्या एका घरात कार्लोसचं सामान सापडलं. तिथे 'गार्डियन'च्या बातमीदाराला ही कादंबरी दिसली आणि तो 'कार्लोस द जॅकल' झाला. पुस्तक त्याचं नव्हतंच, घरातल्या दुसऱ्या कोणाचं होतं. शिक्का मात्र कायमचा.

नवशिका

पुढची कारकीर्द? पहिल्या पुस्तकाची उंची पुन्हा गाठली का?

तळटीप

माझं मत : एकदा, 'ओडेसा'त, आणि जवळपास एकदा, 'डॉग्ज ऑफ वॉर'मध्ये. दोन्हींत जॅकलचंच यंत्र आहे.

'ओडेसा'साठी तो व्हिएन्नाला नाझी गुन्हेगारांचा माग काढणारे सिमोन वीझेन्थाल यांना भेटला. खलनायक काल्पनिक कशाला, खरा घ्या, असं सुचवून त्यांनी रीगातल्या ज्यूंच्या बंदिस्त वस्तीचा (घेटोचा) नाझी प्रमुख एडुआर्ड रोशमान याचं नाव दिलं. १९७४ला चित्रपट आला. रोशमान अर्जेंटिनात लपला होता, १९७७ला तिथून पळून पॅराग्वेत गेला आणि तिथेच मेला. 'डॉग्ज'साठी फोर्साइथ हॅम्बुर्गमध्ये दक्षिण आफ्रिकी शस्त्रखरेदीदार बनून हिंडला. दुकानाच्या काचेत त्याच्याच जर्मन पुस्तकाच्या मागच्या बाजूला त्याचा फोटो, तो नेमका शस्त्रविक्रेत्याला दिसला. तिथून जीव घेऊन पळाला.

पुढे 'द डेव्हिल्स ऑल्टरनेटिव्ह' (१९७९), 'द फोर्थ प्रोटोकॉल' (१९८४), 'द निगोशिएटर' (१९८९). यंत्र मोठं होत गेलं, माणसं लहान. १९९०च्या शेवटी त्याच्या गुंतवणूक सल्लागाराची कंपनी बुडाली आणि त्याचे बावीस लाख पौंड गेले. बावन्नाव्या वर्षी पुन्हा पैशासाठी टंकयंत्र. त्यानंतरचं 'द फिस्ट ऑफ गॉड' (१९९४) मात्र चांगलं उतरलं, आखाती युद्धाची तयारी इतकी बारकाईनं क्वचितच कोणी मांडली असेल. 'द फँटम ऑफ मॅनहॅटन' (१९९९) का लिहिलं हे त्यालाच ठाऊक.

हिंडणं मात्र सोडलं नाही. 'द कोब्रा'च्या माहितीसाठी मार्च २००९मध्ये गिनी-बिसाऊत उतरला, नेमका लष्करप्रमुख आणि पाठोपाठ अध्यक्ष मारले गेले तेव्हा. सत्तरी उलटल्यावर मोगादिशूला जाऊन आला. २०१५च्या आत्मचरित्रात बिआफ्रापासून वीस वर्षं ब्रिटिश गुप्तचर खात्याला विनामोबदला मदत केल्याचं लिहिलं. एकूण खप सात कोटींहून जास्त सांगतात.

खडूसराव

'माणसं लहान' याला +१. आणि नव्वदीनंतर प्रत्येक नायक निवृत्त, अबोल, ब्रिटिश आणि सगळ्यांपेक्षा शहाणा. आरसा बघून लिहिल्यासारखा.

बोरूबहाद्दर

चित्रपटाचं कोणी लिहिलं नाही. १९७३, दिग्दर्शक फ्रेड झिनमन. त्यांनी मोठा नट नाकारून एडवर्ड फॉक्स घेतला. कारण उघड आहे : ज्याला गर्दीत कोणी ओळखता कामा नये, त्याचा चेहरा भित्तिपत्रकांवर आधीच दिसलेला कसा चालेल? संकलनाला बाफ्टा मिळालं आणि ते वाजवी होतं, दोन बाजूंमधली ये-जा सगळी कात्रीवर उभी आहे. आपल्याकडे मल्याळममध्ये १९८८ला सिबी मलयिल यांचा 'ऑगस्ट १' आला, मामुट्टी पोलिसाच्या भूमिकेत, लक्ष्य केरळचा मुख्यमंत्री. सांगाडा जॅकलचाच. १९९७चा ब्रूस विलिसवाला 'द जॅकल' मात्र नावापुरता. झिनमन आणि फोर्साइथ दोघांनाही तो मंजूर नव्हता. २०२४च्या मालिकेत काळ आजचा केलाय. द गॉल नाही, म्हणजे शेवट आधी माहीत असण्याची मूळ गंमतच नाही. एडी रेडमेन चांगला असला तरी ती वेगळी चीज आहे.

नवशिका

पुस्तक काल उघडलं. पहिल्या चाळीस पानांतच गुप्तचर खात्यांची नावं आणि कर्नल इतके आले की धाप लागली. अनुवाद घेऊ का?

शालूताई

इंग्रजी सोपं आहे, भाषेनं अडणार नाही. अडतंय ते फ्रेंच खात्यांच्या उतरंडीमुळे. एक कागद घेऊन तीन रकाने करा : ओएएस, सरकार, पोलीस. नाव आलं की रकान्यात टाका. पहिल्या रकान्यात रोदाँ, त्याचे दोन सहकारी आणि अंगरक्षक कोवाल्स्की एवढेच लक्षात ठेवायचे आहेत. दुसऱ्यातल्या बैठकीतल्या बहुतेकांना विसरलात तरी चालतं, फक्त सँ-क्लेअर नावाच्या कर्नलवर लक्ष असू द्या. तिसऱ्यात लबेल आणि त्याचा मदतनीस कारों, पुढे लंडनचा थॉमस. पॅरिसचा नकाशा मोंपार्नासपुरता जवळ ठेवा. तिथलं जुनं रेल्वेस्थानक पाडून मनोरा बांधलाय, त्यामुळे आजचे फोटो बघून कादंबरीतला चौक समजणार नाही, साठच्या दशकातले शोधा.

तळटीप

आणि जॅकल संपल्यावर थेट 'ओडेसा' घ्या. मधली पुस्तकं सोडून 'डेव्हिल्स'वर उडी मारू नका.